गंजातच माल आहे

"सर, पोरीले केमिस्ट्री दिली ते काय मूर्त्या पुसाले?"

वैदेहीचे (नाव बदललं आहे) वडील खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले. हिंगणा एमआयडीसीत फिटर, निवृत्तीला तीन वर्षं. पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. अजब बंगल्यात, म्हणजे 1863 सालच्या आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, मैत्रिणींसोबत गेली आणि परतली ती वस्तूंच्या संवर्धनाचं वेड घेऊनच. मी पोरांना करिअरचा सल्ला देतो, आणि ही तक्रार माझ्याकडे दर वर्षी वेगळ्या पोशाखात येते: आवडीचं काम, पण पोट भरेल का?

पहिल्या भेटीत मीच चुकलो. पुरातत्त्व म्हटल्यावर सरळ विद्यापीठातला प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्वाचा एम.ए. सुचवला. वैदेही म्हणाली, "सर, मला खोदायचं नाही. खोदून निघालं ते टिकवायचं आहे." मी माझं टिपण खोडलं.

दुसऱ्या भेटीला वडील तयारीने आले होते. "गंज काढाले शिक्षण कायले लागते? एमरी पेपर मारला का झालं."

काटोल रोडवरच्या जुनापाणीची, प्राचीन दफनांभोवतीची दगडी वर्तुळं नागपूरकरांनी निदान ऐकलेली असतात. अशा शिळावर्तुळांच्या उत्खननात लोखंडी वस्तू निघतात. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर घोड्याचे तांब्याचे अलंकार निघाले. दोन-अडीच हजार वर्षं जमिनीत पडलेल्या लोखंडात कित्येकदा धातू उरलेलाच नसतो, सगळा गंज. पण पात्याची मूळ कड त्या गंजाच्या थरांमध्येच शाबूत असते. संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली, सर्जनच्या सुरीने, वरचा मातकट थर कणाकणाने काढत त्या कडेपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. एमरी मारला तर पातंच संपलं.

वडील बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे गंजातच माल आहे."

तांब्याचं दुखणं वेगळं. जमिनीतले क्षार धातूत मुरलेले असतात. हवेत ओल आली की क्लोराइडचं चक्र सुरू होतं आणि फिकट हिरवी पूड सुटते. वस्तू आतून पोखरत जाते. नागपुरात मे महिन्यात ओठ फुटतात आणि जूनअखेर भिंती घामेजतात, तेव्हा कपाटातली हवा कोरडी ठेवणं हेच अर्धं काम. (घरातली जुनी नाणी कूलरसमोर ठेवत असाल तर आजच हलवा.) हे सगळं रसायनशास्त्रच आहे, हे वडिलांना फिटरच्या भाषेत पटलं.

पैशाचं मात्र मी गोड करून सांगितलं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा 1917 पासून आहे, मुख्यालय देहरादूनला. तिथे रसायनतज्ज्ञ लागतात, पण जागा मोजक्या, जाहिरात निघेल तेव्हा निघेल. बाकी बरंच काम प्रकल्पावर, कंत्राटावर. शिकायला मुंबई, दिल्ली किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा. घर सोडावंच लागतं. म्हणून माझा सल्ला एवढाच होता: आधी रसायनशास्त्रात एम.एस्सी. कर. औषध कंपनीचं दार उघडं राहतं आणि हेही.

आणि त्याआधी एक माठ फोड.

खरंच. फोड आणि जोड, पण फेविक्विकने नाही. चुकलं तर सुटलं पाहिजे. प्रयोगशाळेत पॅरालॉइड बी-72 नावाचा चिकटवणारा राळेसारखा पदार्थ वापरतात तेही याच कारणाने: अ‍ॅसिटोनने पुन्हा विरघळतं. घरी फेविकॉल चालेल, कोमट पाण्यात मऊ पडतो.

बावीस दिवसांनी बापलेक माठ घेऊन आले. एक्केचाळीस तुकडे. पहिल्या सांध्यात केसाएवढी फट राहिली होती. ती पुढे सरकत गेली आणि शेवटचा तुकडा बसेचना. पोरीने नऊ तुकडे सोडवले, कडा पुसल्या, परत जोडले. मला जे पाहायचं होतं ते नेमकं हेच. तिने चिडून माठ फेकला असता तर मी दुसरं काही सुचवलं असतं.

"रात्रपाळीहून आलो तं हे तिथंच बसून," वडील म्हणाले. "मंग मीबी बसलो. पलंगाखालचा तुकडा मीच शोधला."

वैदेही सध्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत काही शिकायला मिळेल का, असं पत्र तिने लखनौला धाडलंय, उत्तर यायचंय. वडिलांचा परवा फोन आला होता. लखनौले आपल्यापेक्षा जास्त तापते का, विचारत होते.