पुराच्या वेळी कंपनीने माल पाठवावा की माणसं?

तुमच्या चाकणच्या कंपनीला यंदा पूर आलाच तर कर्मचाऱ्यांकडून धान्य-कपडे गोळा करून ट्रक पाठवायचे आहेत, आणि हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने कायद्याने सामाजिक कामांवर करायच्या खर्चात बसेल का, असं तुम्ही विचारलंय. पावसाआधी विचारताय हे फार बरं झालं. पाणी चढल्यावर यातलं काहीच नीट ठरत नाही.

माझं म्हणाल तर वस्तू गोळा करूच नका. मदतीचं घोडं माल मिळण्यापाशी क्वचितच अडतं. अडतं ते माल उतरवून घेणं, निवडणं आणि गावापर्यंत पोचवणं यापाशी. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फूट गाठले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, वाहनांच्या रांगा लागल्या आणि रस्ता खुला होताच चहूकडून मदत एकदम येऊन आदळली. मी तेव्हा शिरोळ तालुक्यात होतो. एका मंगल कार्यालयाचं गोदाम केलं होतं. खोक्यांवर आत काय आहे ते लिहिलेलंच नसायचं. उघडावं तर बिस्किटं, जुन्या साड्या, गोळ्यांची पाकिटं आणि फुटलेली तेलाची पिशवी, सगळं एकात. एकेका खोक्यात दोन-दोन माणसं अडकायची आणि बाहेर ड्रायव्हर गाडी खाली करून घ्या म्हणून ताटकळायचे. जवळच्याच गावात जनावरं वैरणीवाचून उभी होती, आणि वैरण कुणी पाठवलीच नव्हती.

तिथली घडी बसवली एका कारखान्याच्या स्टोअरकीपरने. हँड पॅलेट ट्रॉल्या, जाड मार्कर, टेपची रिळं आणि आपल्या खात्यातली माणसं घेऊन तो आला. प्रत्येक खोक्याच्या चारही बाजूंना नाव, औषधं वेगळ्या खोलीत, कपडे सर्वांत शेवटी, आणि भिंतीवर एक मोठा तक्ता: आवक, जावक, शिल्लक. संध्याकाळपर्यंत तलाठ्यांना फोनवर सांगता येऊ लागलं की ताडपत्र्या किती आहेत आणि कधी निघतील. त्याच्या कंपनीने मालाचं एक खोकंही दिलं नव्हतं, पण माझ्या लेखी त्या आठवड्यातली सर्वांत मोठी मदत तीच.

परदेशातही अनुभव हाच आहे. डीएचएल या मालवाहतूक कंपनीची आपत्ती पथकं विमानतळावर साचणारी मदत उतरवून, मोजून पुढे धाडण्याचं काम करतात. 2015 च्या भूकंपानंतर काठमांडूच्या एकाच धावपट्टीच्या विमानतळावर ती उतरली होती.

आता सीएसआर. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली, सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीत म्हणजे सातव्या परिशिष्टात, आपत्ती व्यवस्थापन 2019 पासून स्वतंत्रपणे आहे, त्यात मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी तिन्ही येतात. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या 2021 च्या खुलाशानुसार वस्तुरूपाने दिलेल्या मदतीची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचंही तसंच. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कमही त्यात धरत नाहीत. संस्थेमार्फत काम करणार असाल तर तिची सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरची कामं घेण्यासाठी संस्थेला करावी लागणारी) आधी तपासा. म्हणजे मी ज्या मदतीला सर्वांत मोठी म्हणतोय, ती तुमच्या हिशेबात दिसणार नाही. तरीही संचालकांपुढे ती आग्रहाने मांडा.

सीएसआरचा पैसा मागे राखून ठेवा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ओसरल्यावर गरज होती ती फावडी, घमेली, खराटे, पाण्याचे टँकर आणि चिखल काढणाऱ्या हातांची. त्यानंतर दुकानं पुन्हा उभी करायची, शाळांची दप्तरं, अंगणवाड्यांची डागडुजी. तोवर बहुतेक दाते परतलेले असतात. तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प म्हणून हे काम नियमात बसवता येतं. आणि जवळच्या तालुक्याची बाजारपेठ सुरू असेल तर खरेदी तिथूनच करा. भाडं वाचतं आणि तिथल्या व्यापाऱ्याच्या हाती चार पैसे पडतात.

या महिन्यात करण्यासारखं म्हणजे, तुमच्या वाहतूक कंत्राटदाराकडून पुराच्या काळात मिळू शकणाऱ्या गाड्या आणि त्यांचा दर लेखी घ्या. स्टोअर्समधली कोण माणसं आठवडाभर जाऊ शकतील ते विचारा आणि त्यांचा पगार, विमा, राहण्याची सोय ठरवा. मग ही यादी कोल्हापूर, सांगली आणि रत्नागिरीच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षांना पाठवा, सोबत चोवीस तास उचलला जाईल असा एकच फोन नंबर.