नागपूरच्या उन्हात अंगणात सल्काटा कासवांसाठी कुंपण कसं करावं?

सल्काटा, म्हणजे आफ्रिकेतली मोठी, जमिनीवर राहणारी कासवं, अंगणात ठेवता येतील, पण जाळीचं कुंपण नको. दोन फूट उंच विटांची भरीव भिंत बांधा आणि पाया दीड फूट खाली न्या. जाळीतून पलीकडचं दिसलं की कासव दिवसभर तिथेच धडका देत बसतं, आणि सल्काटा बीळ खणणारं असल्याने उथळ पायाखालून निघून जातं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमावर घ्या, आतही मुरूम टाकून उतार द्या. खरी अडचण मे महिन्याची. पारा ४५ अंशांवर गेला की नुसती हिरवी नेट पुरत नाही: जाड मातीच्या भिंतींची, कवेलूंची बुटकी खोपटी हवी, दार उत्तरेला, आतली जमीन रोज ओली. पाण्याची परात उथळ आणि सावलीतच, नाहीतर दुपारी पाणी चटके देतं. पिल्लं असतील तर वरूनही जाळी. मुंगूस आणि कावळे सोडत नाहीत. मात्र हे सल्काटापुरतं, आणि त्याचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. पाठीवर पिवळे तारे असलेलं देशी कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरी ठेवताच येत नाही. तसं कासव असेल तर भिंतीचा विचार सोडा, वनविभागाला कळवा.