जुना लॅपटॉप घेतलास ना, मग आधी एवढं बघ

मस्त रे, जुना थिंकपॅड म्हणजे चांगली सुरुवात. फक्त लगेच खोलायला बसू नकोस, दुकानदाराची चेकिंग वॉरंटी आहे तोवरच सगळं तपासून घे, बरेच जण इथेच चुकतात.

- बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) उघड. पासवर्ड मागितला तर सरळ परत कर, ऑफिसातून निघालेल्या मशीनवर तो राहिलेला असतो आणि घरी काढणं जमत नाही.
- विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढ. डिझाइन कपॅसिटी (नवीन असतानाची क्षमता) ५०,००० आणि फुल चार्ज (आत्ताची क्षमता) २५,००० दिसलं तर बॅटरी अर्धी संपलीय, नवीन बॅटरीचा खर्च धरूनच चाल.
- आधीच्या मालकाचं विंडोज ठेवू नकोस, पेनड्राइव्हवरून नवीन टाक.

हार्ड डिस्क असेल तर पहिला पैसा एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणारं वेगवान स्टोरेज) घाल, रॅम नंतर. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावतात ती) वगैरे आत्ता नकोच. अडलास तर विचार, मी आहे.