‘द व्हाइट लोटस’ या, आलिशान हॉटेलातल्या श्रीमंत पाहुण्यांवरच्या उपहासात्मक अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागावर अनेकांनी नाकं मुरडली होती, तरी तोच सीझन गाजला. मग पहिल्या भागावरच्या प्रतिक्रिया कितपत मनावर घ्याव्यात?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. ३० ऑक्टोबर २०२२ ला आलेल्या ‘चाओ’ या पहिल्या भागाला खरंच थंड प्रतिसाद मिळाला का, ही एक. आणि जे नाराज होते ते नेमके कशावर नाराज होते, ही दुसरी. पहिलीचं उत्तर ‘नाही’ असं आहे. खरी मेख दुसरीत आहे.

आधी आकडे उरकून टाकू. मालिका दाखवणाऱ्या एचबीओ या अमेरिकन वाहिनीने जाहीर केलेला पहिल्या रात्रीचा आकडा साधारण १५ लाख प्रेक्षकांचा होता, वाहिनी आणि तिची स्ट्रीमिंग सेवा एचबीओ मॅक्स मिळून. पहिल्या सीझनची सुरुवात जुलै २०२१ मध्ये ९ लाख ४४ हजारांवर झाली होती, म्हणजे वाढ ६३ टक्के. पण पहिल्या सीझनचा शेवटचा भाग १९ लाखांवर गेला होता. त्यामुळे सुरुवातीची तुलना सुरुवातीशी केली तर मालिका वर गेलेली दिसते आणि शेवटाशी केली तर खाली आलेली दिसते. दोन्ही मथळे खरेच. त्यात आदल्या रविवारी त्याच वाहिनीवर ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’चा शेवटचा भाग ९३ लाखांनी पाहिला होता, त्यामुळे १५ लाख आणखीच किरकोळ वाटले. सीझनच्या सुरुवातीचा आकडा मागच्या सीझनच्या सुरुवातीशीच ताडून पाहायचा, एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ संपतो.

हे आकडे अमेरिकेतले आहेत, हेही विसरायचं नाही. भारतात एचबीओची वाहिनी डिसेंबर २०२० मध्येच बंद झाली होती आणि हा सीझन आपल्याकडे डिस्ने प्लस हॉटस्टारवर दिसला. साहजिकच भारतातल्या वाहिन्यांचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कच्या टीआरपीत त्याचं नाव यायचा प्रश्नच नव्हता. ‘भारतात चालला नाही’ असं कोणी ठासून सांगत असेल तर कशावरून, एवढंच विचारा.

आता नाराजीकडे वळू. पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठी ओरड होती ती शीर्षकसंगीताची. पहिल्या सीझनचं संगीत म्हणजे ढोल, प्राण्यांसारखे हुंकार आणि आरोळ्या. संगीतकार क्रिस्टोबाल तापिया दे वीर यांच्या त्या कामाला एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कारही मिळाला होता. दुसऱ्या सीझनमध्ये त्याच सुरावटीचा नवा अवतार आला: सुरुवात एखाद्या जुन्या इटालियन दिवाणखान्यात बसल्यासारखी आणि मग अचानक क्लबमधला ठेका. ‘बिघडवलं’, ‘जुनंच ठेवायचं होतं’ असा सूर लागला. काही आठवड्यांतच तोच तुकडा डीजे वाजवू लागले आणि लोक त्यावर नाचू लागले. संगीत तेच होतं, फक्त कानांना सवय झाली. ही तक्रार भागाबद्दल नव्हतीच, हरवलेल्या ओळखीच्या खुणेबद्दल होती.

दुसरी तक्रार माणसांची. हवाईचं हॉटेल गेलं, सिसिलीतलं ताओर्मिना आलं. मरी बार्टलेटने केलेला हॉटेलचा व्यवस्थापक आर्मंड नाही, नताशा रॉथवेलची स्पा सांभाळणारी बेलिंडा नाही. जुन्यांपैकी जेनिफर कूलिजची तान्या आणि तिचा नवरा ग्रेग एवढेच. बाकी सगळे नवे: दोन तरुण जोडपी (कॅमरन-डॅफ्नी आणि हार्पर व तिचा नवरा), आजोबा-वडील-मुलगा अशा तीन पिढ्यांचे दि ग्रासो, तान्याची सहायक पोर्शिया, हॉटेलची व्यवस्थापक व्हॅलेंटीना, गावातल्या लुचिया आणि मिया. तासाभरात इतक्या लोकांची ओळख करून द्यायची म्हटल्यावर ‘संथ आहे’ ही प्रतिक्रिया येणारच. दर सीझनला नवी गोष्ट सांगणाऱ्या मालिकेचा पहिला भाग हा खरं तर पुन्हा पहिलाच भाग असतो, पण प्रेक्षक मात्र मागच्या सीझनच्या शेवटाची गती मनात धरून बसलेला असतो.

याच्या उलट उदाहरण ‘सक्सेशन’चं, म्हणजे एका धनाढ्य कुटुंबातल्या भांडणांच्या मालिकेचं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिचा दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा कुटुंब तेच, भांडण तेच, निकोलस ब्रिटेलचं शीर्षकसंगीतही तेच. पहिल्याच भागात समुद्रकाठच्या बंगल्यात दुर्गंधी सुटते, धुराड्यात मेलेले रकून निघतात, मांडलेली महागडी मेजवानी सरळ कचऱ्यात जाते आणि पिझ्झा मागवला जातो. हा टोमणा कळायला कोणाला दोन भाग थांबावं लागलं नाही, कारण दहा भाग त्या माणसांसोबत काढून झाले होते. म्हणून सलग गोष्टीच्या मालिकेचा दुसरा सीझन थंड सुरू झाला तर ती तक्रार गंभीरपणे घ्यावी, दरवेळी पाटी पुसून सुरू होणाऱ्या मालिकेला मात्र सूट द्यावी. दोन्हींना एकच फूटपट्टी लावली की अंदाज हमखास चुकतो.

तिसरी तक्रार उपहासाची धार गेल्याची. हिच्यावर जरा थांबायला हवं. पहिल्या सीझनचा रोख पैशावर होता: पाहुणे माजलेले आणि त्यांचा माज झेलणारे नोकर. दुसऱ्यात लैंगिक संबंध आणि त्यातली देवघेव हा विषय आहे, असं लेखक-दिग्दर्शक माइक व्हाइट यांनी स्वतःच सांगितलं आहे. बाण दुसरीकडे वळला, पण बरेच जण जुन्याच निशाण्याकडे बघत राहिले.

‘चाओ’मधला जेवणाचा प्रसंग पाहा. कॅमरन आणि डॅफ्नी सहज बोलून जातात की आपण बातम्याच पाहत नाही, आणि मतदान केलं होतं का हे डॅफ्नीला धड आठवतही नाही. समोर बसलेल्या हार्परच्या, म्हणजे ऑब्री प्लाझाच्या चेहऱ्यावर ते ऐकताना जे उमटतं, तेच पहिल्या रात्री बहुतेकांच्या प्रतिक्रियांत उमटलं: हे दोघे श्रीमंत मठ्ठ आणि हार्पर म्हणजे आपण. प्रसंग हसवतो म्हणून लोकांनी तेवढाच घेतला. पण कॅमेरा हार्परच्या तुच्छतेलाही तितकाच वेळ देतो, आणि जेवणानंतर खोलीत ती नवऱ्याजवळ त्या दोघांवर तोंडसुख घेते तेव्हा या दुसऱ्या जोडप्यात बोलण्यासारखं दुसरं काही उरलंय का, हा प्रश्न हळूच पुढे सरकतो. सीझन संपेपर्यंत डॅफ्नी हे लोकांचं सगळ्यात लाडकं पात्र ठरलं आणि ती भूमिका करणाऱ्या मेगन फाहीला एमीचं नामांकन मिळालं. पहिल्या रात्री तिला मठ्ठ म्हणणारे चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांना तसं वाटावं अशीच मांडणी होती. उपहासात पहिला भाग अनेकदा प्रेक्षकालाच फशी पाडतो, म्हणून त्यावरची पहिली प्रतिक्रिया हा त्या सापळ्याचा भाग असतो.

तरीही धारेची तक्रार सगळीच फोल नव्हती. नोकरांची बाजू या सीझनमध्ये पातळ झाली. व्हॅलेंटीना झालेली साब्रिना इम्पाचातोरे उत्तम काम करते, पण आर्मंडच्या खांद्यावर जेवढी गोष्ट होती तेवढी व्हॅलेंटीनाच्या वाट्याला येत नाही. हे पहिल्या भागातच दिसत होतं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं.

अशा तक्रारी वेगळ्या करायची सोपी रीत म्हणजे प्रत्येक वाक्याला ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न लावणं. उत्तर ‘मागच्या सीझनच्या’ असं आलं (संगीत, जागा, गेलेली पात्रं, गती) तर ती तक्रार दोन-तीन भागांत बहुधा विरते. पण तुलनेशिवायही वाक्य उभं राहत असेल, जसं की अमुक पात्राला काय हवंय तेच कळत नाही, संवाद भाषणासारखे झालेत, चिमटा नेमका कोणाला काढलाय ते कळत नाही, तर ती बाजूला काढून ठेवा आणि तिसऱ्या भागानंतर पुन्हा बघा. तेव्हाही टिकली असेल तर दोष मालिकेचा आहे.

वेळही बघायची. एचबीओवर रविवारी रात्री नऊ म्हणजे तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा होते. अमेरिकेत घड्याळं मागे गेल्यामुळे पुढच्या आठवड्यापासून साडेसात झाले. म्हणजे सोमवारी सकाळी चहा घेताना आपण जे वाचतो ते तिकडे लोकांनी बघता बघता टंकलेलं असतं. त्यात भागाबद्दलचं मत कमी आणि एखाद्या दृश्यावरचा चेकाळलेपणा जास्त. ‘चाओ’च्या वेळी कॅमरन झालेल्या थिओ जेम्सच्या, आरशात नग्न दिसण्याच्या दृश्याने अशी बरीच जागा खाल्ली. तिथे प्रॉस्थेटिक, म्हणजे कृत्रिम अवयव वापरला होता हे त्यानेच नंतर सांगितलं. हा ढीग सरळ बाजूला काढायचा. कामाचं लिखाण दोन-तीन दिवसांनी येतं. या भागाच्या बाबतीत ते मुख्यतः तर्काचं होतं: सुरुवातीलाच डॅफ्नीला समुद्रात प्रेत लागतं आणि आणखीही काही पाहुणे दगावल्याचं कळतं, तर ते कोण? खोलीत ठेवलेली ‘तेस्ता दि मोरो’ ही मातीची मुंडकी आणि त्यांच्यामागची फसवणुकीची दंतकथा कशाकडे बोट दाखवते? (कोण मेलं ते इथे सांगत नाही, अजून न पाहिलेले बरेच असतात.) लोक चिडून का होईना, पण तर्क लढवत असतील तर ते पुढच्या रविवारी परत येणार, हे धरून चाला. ‘बरा होता’ एवढंच लिहून गप्प होणारे गळतात.

आता परीक्षणांत दिल्या जाणाऱ्या ताऱ्यांचा घोळ. याचं उत्तम उदाहरण ‘द बॉइज’. सुपरहिरोंची खिल्ली उडवणारी अ‍ॅमेझॉनची ही मालिका पहिल्या वेळी, जुलै २०१९ मध्ये, आठही भाग एकदम घेऊन आली. दुसऱ्या सीझनला ४ सप्टेंबर २०२० ला फक्त तीन भाग आले आणि उरलेले दर शुक्रवारी एकेक करून ९ ऑक्टोबरपर्यंत. अ‍ॅमेझॉनवर एक-तारा परीक्षणांचा पाऊस पडला. त्यातली कितीतरी परीक्षणं सरळ म्हणत होती की मालिका झकास आहे, पण सगळे भाग एकदम का दिले नाहीत? तो निर्णय मालिका बनवणाऱ्यांचाच होता, हे मालिकेचे कर्ते एरिक क्रिप्के यांना सांगावं लागलं. म्हणून सरासरीकडे बघण्याआधी ताऱ्यांची विभागणी उघडा. पाच आणि एक ही दोन्ही टोकं उंच आणि मधले दोन-तीन-चार रिकामे असतील तर वाद भागाबाहेरचा असण्याची शक्यता दाट. मग एक-ताऱ्याची सगळ्यात नवी वीसेक परीक्षणं वाचा. त्यांत कुठल्याही प्रसंगाचा वा पात्राचा उल्लेख नसेल तर ती मालिकेच्या गुणदोषांच्या हिशेबात धरू नका.

याच ‘द बॉइज’ने त्या आठवड्यात अमेरिकेतले प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या स्ट्रीमिंग यादीत जागा मिळवली, नेटफ्लिक्सबाहेरची पहिलीच मालिका म्हणून: ८९ कोटी १० लाख मिनिटं. आकडा भव्य आहे, पण त्यात जुने आठ आणि नवे तीन असे अकरा भाग मिसळलेले आहेत. भाग साधारण तासाचा धरला आणि सगळ्यांनी फक्त नवे तीन पाहिले असं मानलं तर सुमारे ५० लाख प्रेक्षक होतात. सगळ्यांनी अकराही पाहिले असं मानलं तर जेमतेम साडेतेरा लाख. मिनिटांचा आकडा पहिल्या भागाच्या प्रेक्षकांचा आकडा म्हणून कोणी वापरत असेल तर त्यावर विसंबू नका.

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा टक्का म्हणजे गुण नव्हेत, हेही लक्षात असू द्या. तो अनुकूल परीक्षणांचा वाटा असतो. सगळ्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं तरी टक्का शंभराला टेकू शकतो. शिवाय समीक्षकांना बरेचदा पुढचे भाग आधीच पाहायला मिळालेले असतात, त्यामुळे त्यांचं मत एका भागावरचं नसतं. तुम्ही एक पाहिलात, त्यांनी पाच, आणि मग ‘समीक्षकांना काय कळतं’ म्हणून वाद. प्रेक्षक जिथे गुण देतात त्या आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रत्येक भागाला वेगळे गुण असतात हे चांगलं, पण कंटाळलेले लोक मधेच सोडून जातात आणि पुढच्या भागांना मत देणारे मुख्यतः चाहतेच उरतात. म्हणून पहिला भाग तळाशी आणि शेवटचा शिखरावर हे चित्र बऱ्याच मालिकांत दिसतं. त्यावरून पहिला भाग वाईट ठरवू नका.

तुमचा मूळ प्रश्न गाजण्याचा होता, तर त्यासाठी चढ बघावा लागतो. दुसऱ्या सीझनच्या सात भागांत आकडा १५ लाखांवरून शेवटच्या आदल्या आठवड्यात २८ लाखांवर आणि ११ डिसेंबरला ४१ लाखांवर गेला. पहिल्या रात्री नाकं मुरडणाऱ्यांपैकी बरेच जण या चढत्या गर्दीत असणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडमधला तिसरा सीझन २४ लाखांवर सुरू झाला तेव्हाही पहिली बोंब संगीताचीच होती, आणि गंमत म्हणजे यावेळी लोक दुसऱ्या सीझनच्या संगीतातल्या आरोळ्या परत मागत होते. त्याचा शेवटचा भाग ६२ लाखांवर गेला.