बातमी वाचून लगेच ताट बदलू नको

भावा, तू आज अंडं बंद उद्या भात बंद चालवलंयस ते आधी थांबव. 'संशोधन सांगतं' असं दिसलं की पहिलं हे बघ, लोकांना नुसतं विचारलंय का खरंच दोन गट पाडून खायला घातलंय. बऱ्याच मोठ्या स्टडीत फॉर्म भरून घेतात, वर्षभरात काय किती वेळा खाल्लं म्हणून. आता मला सांग, गेल्या महिन्यात गणपती पेठेतनं आणलेलं भडंग तू किती वाट्या संपवलंस, त्यात शेंगदाणे किती, तेल किती? येतंय का सांगता?

बीटा कॅरोटीनचं बघ, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं ते. गाजर-भाज्यांतनं ते जास्त खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी असं आधी दिसायचं, मग फिनलंडला २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ ला निकाल आला तर बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्के जास्त! भाज्या खाणारा माणूस बाकीची पण काळजी घेत असतो ना, गोळीत ते कुठनं येणार. हळदीच्या कॅप्सूलवर पण भुलू नको, (सांगलीचा असून सांगतोय) हळदीतला जो घटक गुणकारी म्हणतात ते कर्क्युमिन पोटातनं नीट शोषलंच जात नाही.

म्हणून सगळंच खोटं असं पण नाही हां. मीठ कमी केलं की बीपी उतरतं हे लोकांना मोजून जेवण देऊन तपासलंय, तिथं वाद घालू नको, लोणचं-पापड कमी कर. आणि शुगरची गोळी चालू असेल तर भात सोडायच्या आधी डॉक्टरला विचार, नायतर शुगर एकदम खाली जायची.