जुन्या फळ्यांची खतपेटी करताय?

इंदूरात ओला कचरा गाडी रोज दारातून नेते, देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात त्याचा बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांना चालणारा गॅसही होतो. तरी परसात जागा असेल तर पेटी कराच. आपल्या काळ्या चिकट मातीला कंपोस्टने जो भुसभुशीतपणा येतो, तो दुसऱ्या कशाने येत नाही.

लाकूड मात्र नीट पारखून घ्या. फळ्या पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या असतील तर त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' असेल तर उष्णता देऊन कीड मारलेली असते, खुशाल घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, त्याला हात लावू नका. जुन्या दारांचा ऑइलपेंटही नको, त्यात शिसं असू शकतं.

लांबी-रुंदी-उंची 3-3 फूट ठेवा. लहान ढीग नीट तापत नाही. फळ्यांत बोटभर फट आणि तळ उघडा, म्हणजे गांडुळं आपणहून वर येतात. पुढच्या फळ्या ठोकू नका. दोन्ही बाजूंच्या खाचेत वरून सरकवा, खत काढताना एकेक उचलता येते.

ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घाला. पानगळीतच पोती भरून ठेवा, पावसाळ्यात शोधूनही मिळत नाही. शिजलेलं, तेलकट टाकलंत तर उंदीर येणारच. आणि जूनआधी वर पत्रा हवा.