केलेवेले काळं पडतंय

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आठ महिन्यांपूर्वी घानात, टेमाला आलो. इथे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला तळून देतात ते केलेवेले (प्लँटेन म्हणजे तळायच्या-उकडायच्या मोठ्या केळ्याच्या मसालेदार फोडी) आम्हा सगळ्यांनाच आवडलं. घरी चारदा केलं, चारही वेळा फसलं. बाहेरून काळं, आतून कच्चट, आणि मसाला सगळा तेलात. एकदा प्लँटेन मिळालं नाही म्हणून साधी केळी वापरली, तर त्याचा शिराच झाला. शिवाय बाहेरच्यासारखा वासही येत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, टेमा

उत्तर : साध्या केळ्याचा शिरा होणारच, तो विषय इथेच मिटवू. ते मऊ, पाणीदार; गरम तेलात टिकत नाही. केलेवेलेला प्लँटेनच हवं. बाजारात ट्वी बोलणाऱ्या बायका त्याला ‘ब्रोदे’ म्हणतात, तुम्हीही तसंच मागा. (मी अक्रात नवी असताना शेजारच्या आँटी म्हणाल्या, ‘संध्याकाळी केलेवेले आणते.’ मला वाटलं, या हिंदीत केळीबिळी आणायचं म्हणताहेत! शब्द इथल्या ‘गा’ नावाच्या लोकांचा आहे. अक्रा मुळात त्यांचंच गाव.)

निम्मं काम केळं निवडण्यातच होतं. हिरवं घेतलंत तर पिठूळ आणि कच्चट लागणार. ते उकडायला किंवा भाजायला ठेवा. पिवळंधमक हवं, वर काळे ठिपके आलेलं, अंगठ्याने दाबलं तर जरासं दबेल पण बोट आत जाणार नाही असं. पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि साखर तेलात भराभर काळी पडते. पूर्ण काळं, लिबलिबीत झालेलं केळं म्हणूनच तळायला घेऊ नये. ते फेकूही नका. कुस्करून त्यात आलं, कांदा, मिरची आणि थोडं पीठ घाला आणि पामतेलावर छोटे छोटे घावन घाला. याला इथे ‘तताले’ म्हणतात. आमच्याकडे केलेवेलेपेक्षा त्यावरच जास्त उड्या पडतात.

आता मसाला. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखीच फसले. आलं-कांदा-मिरची अर्धी वाटी पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवलं आणि चांगलं मुरावं म्हणून फोडी रात्रभर त्यात ठेवल्या. सकाळी पातेल्याच्या तळाशी दोन बोटं पाणी! मिठाने केळ्याचंही पाणी सुटलं होतं. ते सगळं कढईत गेल्यावर असं तडतडलं की मनगटावरचा डाग अजून आहे. आँटी आवाज ऐकून आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि हसत हसत खालीच बसल्या. मग घरून आपला आसांका घेऊन आल्या. आसांका म्हणजे आतून खरबरीत रेघा असलेला मातीचा वाडगा. मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशा डमरूसारख्या लाकडी बत्त्याने त्यात वाटतात. वाटताना पाण्याचा थेंबही लागत नाही, सगळी गंमत तिथेच आहे. तुमच्याकडे आसांका नसेल तर खलबत्ता घ्या. मिक्सरच वापरायचा असेल तर वाटण फडक्यात घालून हलकं पिळून घ्या.

तीन केळ्यांना अंगठ्याएवढं आलं, अर्धा लहान कांदा, एक चमचा लाल तिखट, अर्धा चमचा मीठ, दोन लवंगा आणि पाव चमचा अॅनीसीड (बडीशेपेसारख्या वासाचं बी) पुरे. कांदा याहून वाढवू नका, तोच पाणी सोडतो. फोडी दोन सेंटिमीटरच्या, सगळ्या सारख्या. मोठी-लहान कापली की लहान जळते आणि मोठी आत कच्ची राहते. तुमचं निम्मं दुखणं बहुधा हेच असावं. वाटण चोळून पंधरा मिनिटं थांबा, त्यापुढे नाही.

वास येत नाही, कारण तुमच्या मसाल्यात ‘ह्वेन्तिया’ नसावी. बाजारात मसाल्यांच्या ढिगात वाळलेल्या, काळपट, लांबट शेंगा दिसतील, त्याच. तीन केळ्यांना एक शेंग. मोडा, आतल्या बिया झटकून टाका. त्या कडू असतात, वास सगळा टरफलात. टरफल कोरड्या तव्यावर जरासं गरम करून कुटा. काहीसा धुरकट, मिरीसारखा वास आला की समजा जमलं. सगळ्याच जणी ती घालत नाहीत, पण तुम्हाला आवडलेलं केलेवेले ह्वेन्तियावालीकडचं असणार अशी माझी पैज!

तळताना फोडी हाताने उचला, निथळू द्या, मगच सोडा. वाडग्यात उरलेलं वाटण चुकूनही कढईत ओतू नका. फोडी बुडतील इतकं तेल, आच मध्यमपेक्षा थोडी मोठी. थर्मामीटर असेल तर १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. तेल थंड असलं तर फोडी ते पितात, फार तापलं तर बाहेरून जळतात. एका वेळी एकच थर, आणि पहिलं मिनिटभर झारा लावायचा नाही, नाहीतर मसाला सुटतो. चार-पाच मिनिटांत कडा गडद होतात. तेव्हाच काढा, बाहेर आल्यावरही रंग थोडा चढतो. दुसरा घाणा टाकण्याआधी तेलातले आल्याचे कण जाळीने काढून घ्या. ते एकदा करपले की पुढची प्रत्येक फोड काळी, मग केळं कितीही चांगलं असो. मुलांसाठी वाटण तिखटाशिवाय करा आणि त्यांचा घाणा आधी काढून घ्या.

तुम्ही शाकाहारी असाल तर बाहेर खाताना एवढं विचारून घ्या की त्याच तेलात मासे तळलेत का. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

सोबत भाजलेले शेंगदाणे हवेतच. आणि तळलेल्या फोडी झाकणाच्या डब्यात ठेवू नका, वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतात. कागदावर पसरा.